तो कुठे बसायचा?

आमच्या लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात उत्तरे तोंडपाठ म्हणणाऱ्या मुलांना संतांची छोटी चित्रे बक्षीस मिळत असत. त्यांपैकी एक चित्र आजही आमच्या प्रार्थनापुस्तकात आहे. कडा विरल्या आहेत, रंग उडाला आहे. परंतु हातात पांढरी लिलीची फुले धरून वर पाहणारी ती मुलगी ओळखू येते. संत मारिया गोरेटी. त्या वयात तिच्याविषयी आम्हांला एवढेच ठाऊक होते की, ती आमच्याहून फारशी मोठी नव्हती. पुढे सेमिनरीत तिचे चरित्र वाचनात आले, यथावकाश गुरुदीक्षा झाली, आणि दरवर्षी ६ जुलैला तिच्या सणाच्या दिवशी तिच्यावर प्रवचन करण्याची पाळी येऊ लागली. पंधरा-सोळा वर्षे ते प्रवचन आम्ही न अडखळता केले. वाचकहो, न अडखळता होणाऱ्या प्रवचनांविषयी धर्मगुरूंनी जरा सावधच असावे, असे आता आम्हांला वाटू लागले आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. वसईकडच्या एका धर्मग्रामात आमची नेमणूक होती. ६ जुलैची सकाळ, बाहेर धो धो पाऊस, शेतांवर लावणीची घाई. सहाच्या मिस्सेला मोजून चौदा-पंधरा माणसे. आम्ही प्रवचनात त्या दिवशी मारियापेक्षा आलेस्सांद्रोविषयी अधिक बोललो. ज्याने तिला मारले तो हा तरुण. देवाच्या कृपेने माणूस किती पालटू शकतो, त्याचे हे उदाहरण आम्हांला फार प्रिय होते. मिस्सेनंतर आम्ही सॅक्रिस्टीत झगा उतरवत होतो, तोच दाराशी कोणीतरी खाकरले. साठीच्या घरातला एक गृहस्थ भिजलेली छत्री बाहेर ठेवून उभा होता.

“फादर, एक विचारू?”

“विचारा ना.”

“तो सुटून आल्यावर चर्चमध्ये कुठे बसायचा?”

आम्हांला प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा उत्तर नव्हते. ‘वाचून सांगतो’ असे काहीसे पुटपुटलो. तो मान डोलवून निघून गेला.

तो कोण, हे गावात सर्वांना ठाऊक होते. आम्ही त्याचे नाव येथे लिहीत नाही, गावाचेही लिहीत नाही. वाडीचा बांध आणि सामाईक विहिरीचे पाणी यांवरून त्याचे आणि थोरल्या भावाचे वर्षानुवर्षांचे भांडण होते. एका उन्हाळ्यात, पंप कोणी आधी लावायचा यावरून शब्दाला शब्द वाढला आणि त्याने हातातले फावडे भावाच्या डोक्यात घातले. चौथ्या दिवशी भाऊ इस्पितळात वारला. सदोष मनुष्यवधाच्या गुन्ह्यासाठी त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. चांगल्या वर्तणुकीची सूट वजा जाता सात वर्षांहून थोडा अधिक काळ भोगून तो परतला, तो त्याच वाडीत, त्याच विहिरीवर. बांधापलीकडे थोरल्या भावाची विधवा पत्नी आणि दोन मुले राहत होती. आम्ही त्या धर्मग्रामात आलो तेव्हा हे सारे घडून गेलेले होते. आम्हांला दिसला तो केवळ मिस्सेला मागच्या दाराशी, पवित्र पाण्याच्या कुंडाजवळ उभा राहणारा एक माणूस. बाक रिकामे असले तरी तो बसत नसे. दर शनिवारी दुपारी दफनभूमीतले गवत काढण्याचे काम त्याने कोणी न सांगता अंगावर घेतले होते.

आता त्या प्रश्नाच्या निमित्ताने आम्ही आलेस्सांद्रोची कथा पुन्हा वाचावयास घेतली, आणि आपण इतकी वर्षे तिचा केवळ आरंभ आणि शेवट सांगत आलो, मधला भाग गाळतच आलो, हे ध्यानात आले.

मारियाचा जन्म १८९० साली इटलीतील कोरिनाल्दो येथे झाला. घरची गरिबी. आईवडील पोटासाठी मुलाबाळांसह रोमच्या दक्षिणेकडील दलदलीच्या मुलखात दुसऱ्याची जमीन कसावयास गेले. तेथे १९०० साली हिवतापाने वडील वारले. आई आसुंता शेतात राबे. मारिया घर आणि धाकटी भावंडे सांभाळी. त्याच घरात सेरेनेल्ली नावाचे बापलेकही राहत. ५ जुलै १९०२ रोजी त्या लेकाने, वीस वर्षांच्या आलेस्सांद्रोने, मारियावर बळजबरी करण्याचा प्रयत्न केला आणि ती वश होत नाही असे पाहून तिच्यावर टोकदार शस्त्राने चौदा वार केले. दुसऱ्या दिवशी नेत्तुनो येथील इस्पितळात ती मरण पावली. तिला बारावे वर्षही पुरे झाले नव्हते. मरण्यापूर्वी तिने आलेस्सांद्रोला क्षमा केली आणि तो आपल्याबरोबर स्वर्गात असावा, अशी इच्छा बोलून दाखवली.

येथे एक गोष्ट बोलल्यावाचून आम्हांला पुढे जाववत नाही. आमच्या पिढीला मारियाचे चरित्र ‘अब्रू जाण्यापेक्षा मरण बरे’ अशा थाटात सांगितले गेले, आणि आम्हीही प्रथम प्रथम तसेच सांगितले. ते चूक होते. ज्या मुलीवर बळजबरी होते आणि जी त्यातून जिवंत वाचते, तिचे पावित्र्य तिळमात्र उणे होत नाही. संत ऑगस्टीन यांनी रोम नगरीच्या ४१० सालच्या लुटीनंतर ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या पहिल्याच भागात ही गोष्ट ठासून मांडली आहे. सोळाशे वर्षांपूर्वी जे लिहिले गेले ते आम्हां उपदेशकांच्या कानांपर्यंत पोहोचावयास इतका विलंब का लागावा, हे कोडेच आहे. मारियाचे थोरपण तिने दिलेल्या नकारात आहे, तसेच तिने दिलेल्या क्षमेत आहे. मरणाची तेथे कोणतीही अट नव्हती.

तर आलेस्सांद्रो. कायद्याने तो अद्याप सज्ञान नव्हता, म्हणून त्याला तीस वर्षांची सक्तमजुरी झाली. मरणाऱ्या मुलीने क्षमा केली आणि मारणारा त्या क्षणी गुडघे टेकून रडू लागला, असे काही घडले नाही. सिसिलीतील नोटो येथील कारागृहात पहिली काही वर्षे तो दगडासारखा होता. मग त्याला एक स्वप्न पडले. एका बागेत मारिया उभी आहे, ती फुले खुडून त्याच्या हाती देत आहे. ही फुले चौदा होती, वारांइतकीच, असे चरित्रकार सांगतात. त्याच काळात नोटोचे बिशप जोव्हान्नी ब्लांदिनी त्याला तुरुंगात येऊन भेटले. या सुमारास त्याच्या मनाला पाझर फुटला. आमच्या प्रवचनात येथून आम्ही थेट सेंट पीटर चौकात उडी घेत असू: २४ जून १९५०, पोप पायस बारावे मारियाला संतपद जाहीर करीत आहेत, लोटलेला जनसागर मंदिरात मावणार नाही म्हणून सोहळा उघड्यावर, आणि वृद्ध आसुंता आपल्या लेकीचा गौरव डोळ्यांनी पाहत आहे. श्रोत्यांचे डोळे पाणावत. प्रवचन संपे.

पण स्वप्न आणि तो चौक यांच्यामध्ये चाळीसहून अधिक वर्षे आहेत! त्या वर्षांत काय होते? दगड फोडणे होते. बाकीच्या कैद्यांत दिवस काढणे होते. सत्तावीस वर्षांनी, १९२९ साली, मुदतीच्या तीन वर्षे आधी त्याची सुटका झाली तेव्हा तो सत्तेचाळीस वर्षांचा होता. बाहेरच्या जगात हा मनुष्य कोण, हे कळले की दारे मिटत. सुटकेनंतर काही वर्षे गेली, आणि १९३०च्या दशकातल्या एका नाताळात तो कोरिनाल्दोला गेला. आसुंता तेथे धर्मगुरूंच्या निवासात घरकाम पाहत असे. त्याने दार ठोठावले. क्षमा मागितली. तिचे उत्तर साधे होते: मारियाने क्षमा केली, देवाने केली, मग आपण कोण नाही म्हणणार? नंतर ती दोघे नाताळच्या मिस्सेला एकत्र गेली आणि त्यांनी शेजारी शेजारी ख्रिस्तप्रसाद स्वीकारला.

म्हणजे उत्तर मिळाले होते. तो आईच्या शेजारी बसला.

पुढे आलेस्सांद्रोने मारियाच्या संतपदाच्या चौकशीत साक्ष दिली, कॅपुचिन संन्याशांच्या मठात आश्रय घेतला, बाग राखली, पडेल ते काम केले, आणि ६ मे १९७० रोजी माचेराता येथे वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी देह ठेवला. चौदा वारांनंतर अडुसष्ट वर्षे तो जगला. यांतला स्वप्नाचा काळ किती? एक रात्र. बाकीचे सारे खुरपे आणि झारी.

आम्ही दोन-तीन आठवड्यांनी त्या गृहस्थाला दफनभूमीत गाठले आणि हे सर्व सांगितले. तो उकिडवा बसून गवत उपटत होता. हात न थांबवता त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, “म्हणजे तिच्या आईनं बसवलं. फादरनं नाही.” त्याच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. त्याने फक्त नोंद केली.

सेमिनरीत आम्हांला पवित्र शास्त्र शिकविणारे एक वृद्ध गुरुजी होते. शब्दांच्या मुळांशी जाण्याचा त्यांना छंद होता. आपल्या मराठीत आपण ‘पश्चात्ताप’ म्हणतो; त्यात मागाहून होणारा ताप आहे, जळणे आहे. ग्रीक भाषेतील नव्या करारात शब्द आहे ‘मेटानोया’. त्यात मनाचे पालटणे आहे. आणि हिब्रू संदेष्टे जो शब्द वापरतात तो ‘शूव’, म्हणजे मागे वळणे, परत येणे. गुरुजी म्हणत, मराठी शब्द काळजातला आहे, ग्रीक डोक्यातला, आणि हिब्रू पायांतला. आम्ही वहीत उतरवून घेतले, परीक्षेत लिहिले, गुणही मिळवले. परंतु पायांनी परत येणाऱ्या माणसाला घराचे दार कोणीतरी उघडावे लागते, ही बाजू आमच्या वहीत नव्हती.

पवित्र शास्त्रात मात्र होती. दमास्कसच्या वाटेवर संत पौलाला प्रकाश दिसला, हे आपल्यातले लहान मूलही सांगेल. त्यानंतरचे कोणी सांगत नाही. पौल स्वतः गलतीकरांस लिहिताना सांगतो की, तो तेथून अरबस्तानात गेला आणि तीन वर्षांनंतर कोठे यरुशलेमला आला. आणि आला तेव्हा काय झाले? प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात ते आहे: शिष्य त्याला घाबरले. तो खरोखर शिष्य झाला आहे, यावर त्यांचा विश्वास बसेना. ज्यांनी पुनरुत्थित प्रभूला डोळ्यांनी पाहिले होते, मेलेला जिवंत होतो हे ज्यांना ठाऊक होते, त्यांनाही वाईट माणूस चांगला होतो हे पटेना! शेवटी बर्णबाने त्याला हाताशी धरून प्रेषितांकडे नेले. पुढे तार्ससला जाऊन त्याला शोधून अंत्युखियास आणणाराही बर्णबाच. तो नसता तर पौलाची पत्रे आज आपण वाचली असती किंवा नाही, देव जाणे.

हे सारे आम्हांला कळले होते. आणि कळूनही आम्ही जे केले ते आता सांगावयाचे आहे.

पुढच्या उपवासकाळात पवित्र गुरुवारच्या पाय धुण्याच्या विधीसाठी बारा नावे ठरवावयाची होती. त्या धर्मग्रामात प्रत्येक विभागाने एक नाव पाठवण्याची रीत होती. त्याच्या विभागातील तरुणांनी त्याचे नाव पाठवले. पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत यादी वाचली गेली तेव्हा क्षणभर कोणी बोलले नाही. मग कोणीतरी म्हणाले, माणूस आता चांगला आहे, प्रश्न त्याचा नाही. पण भावाची बायको समोर बसलेली असणार, तिला काय वाटेल? दुसरे म्हणाले, मुले मोठी झाली आहेत, उगाच काही वाकडे व्हायला नको. सर्वांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हणालो, “यंदा राहू द्या. पुढच्या वर्षी पाहू.” आणि पेन घेऊन ते नाव आम्ही स्वतःच्या हाताने खोडले.

सभागृहाबाहेरच्या सूचनाफलकावर एक छायाचित्र चिकटवलेले होते. २०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी निवड झाल्यानंतरच्या पहिल्याच पवित्र गुरुवारी रोममधील बालसुधारगृहात जाऊन बारा तरुण बंदिवानांचे पाय धुतले, त्यांत मुलीही होत्या, मुसलमानही होते, त्या प्रसंगाचे. ते छायाचित्र वर्तमानपत्रातून कापून आम्हीच लावले होते. बैठक आटोपून आम्ही त्याच्यासमोरून चालत गेलो. त्या रात्री आम्हांला चांगली झोप लागली, हेही नमूद करतो. खंत वगैरे मागाहून आली.

त्याला कळलेच असणार. पण शनिवारचे गवत काढणे थांबले नाही.

ईस्टरनंतर महिन्याभराने थोरल्या भावाची पत्नी पतीच्या वर्षश्राद्धाच्या मिस्सेची मागणी करावयास आमच्या कार्यालयात आली. पन्नाशीतली, अबोल बाई. वहीत नाव लिहून झाले, दक्षिणा दिली, तरी ती उठेना.

“फादर, दिराचं नाव तुम्ही कापलंत म्हणे.”

आम्ही म्हणालो, “हो बाय. तुम्हांला त्रास होऊ नये म्हणून.”

“मला विचारलं होतं?”

आम्ही गप्प. धर्मगुरूच्या खुर्चीत बसून गप्प राहण्याचे प्रसंग थोडे येतात; हा त्यांतला एक.

“मी त्याला माफ केलं की नाही, मला सांगता येत नाही फादर. रात्री प्रार्थनेत करते. सकाळी विहिरीवर त्याला बघितलं की ते उतरून जातं. मग रात्री पुन्हा करते. नऊ वर्षं झाली. ते माझं काम आहे, मी करते.” ती थांबली. पदराने कपाळ पुसले. “तुमचं काम माझ्या नावावर कशाला टाकता?”

ती गेल्यावर आम्ही बराच वेळ तसेच बसून होतो. तीस वर्षांच्या आसपास देवज्ञानाशी संबंध आलेल्या माणसाला, कृपा आणि श्रद्धा म्हणजे काय हे, लावणीने हात चिरलेल्या एका बाईने सांगावे, यात आमच्या गर्वाला ठेच पोहोचली हे खरे. पण तिच्या बोलण्यातली ‘पुन्हा’ ही एकच गोष्ट आमच्या डोक्यातून जाईना. आम्ही परिवर्तनाविषयी बोलत आलो ते एखादा दिवा लागावा तसे: आधी अंधार, मग उजेड. या बाईच्या घरी मात्र तो दिवा रोज संध्याकाळी नव्याने वात लावून पेटवावा लागत होता, आणि सकाळी विझलेला सापडत होता. आणि आमच्याकडे तर वात लावण्याचीही तयारी नव्हती. आम्ही श्रद्धा ठेवली होती ती इटलीतल्या, मेलेल्या, पुस्तकातल्या आलेस्सांद्रोवर. दाराशी उभा असलेला माणूस पालटला आहे यावर विश्वास ठेवावा लागला तेव्हा आम्ही यरुशलेमच्या शिष्यांसारखे घाबरलो, आणि त्या भीतीला एका विधवेविषयीच्या कळवळ्याचा पोशाख चढवला.

आम्ही त्याच आठवड्यात शेजारच्या धर्मग्रामात जाऊन तेथील वृद्ध फादरांकडे पापनिवेदन केले. त्यांनी शांतपणे ऐकले, आणि प्रायश्चित्त म्हणून प्रार्थना सांगितल्या नाहीत. म्हणाले, एका शनिवारी दफनभूमीत जाऊन त्याच्याबरोबर गवत काढ. आम्ही एकाच्या ऐवजी बरेच शनिवार गेलो. त्यात पुण्य कमी, कंबरदुखी अधिक. बोलणे फारसे होत नसे. थोरल्या भावाच्या थडग्याभोवतीचे गवत तो आम्हांला काढू देत नसे, ते तो स्वतः काढी. आम्ही एकदा नाव खोडल्याचा विषय काढून क्षमा मागितली. तो म्हणाला, “तुमचं बरोबर होतं, फादर.” आम्ही म्हणालो, “नव्हतं.” मग त्याने विळा दगडावर घासावयास घेतला आणि विषय तेथेच राहिला.

पुढच्या वर्षी पवित्र गुरुवारी वेदीपुढे बारा खुर्च्या मांडल्या होत्या. २०१६ सालापासून या विधीत स्त्रियांनाही घेण्याची अनुमती मिळाली आहे. त्याप्रमाणे चार बहिणी होत्या, दोन शाळकरी मुले होती, आणि शेवटून दुसऱ्या खुर्चीवर तो होता. इस्त्रीचा पांढरा सदरा, गुडघ्यांवर ठेवलेले हात. आम्ही लोटा घेऊन त्याच्यापुढे वाकलो तेव्हा त्याने पाय किंचित मागे ओढला, पेत्राने ओढला असेल तसा. टाचेच्या भेगांत दफनभूमीतली तांबडी माती बसलेली होती. घरी त्याने घासली असणार, पण ती निघण्यासारखी नव्हती. आम्ही पाणी घातले, टॉवेलने पुसले, ओठ टेकले. मागे गायकवृंदाचे गाणे चालू होते. वहिनी चौथ्या बाकावर होत्या, दोन्ही मुले दोन बाजूंना. त्यांच्याकडे पाहण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही. पुढे ख्रिस्तप्रसाद वाटताना त्या रांगेतून आल्या, ‘आमेन’ म्हणाल्या आणि जागेवर गेल्या. चेहऱ्यावरून काही कळले नाही.

ईस्टरच्या रविवारी तो पुन्हा मागच्या दाराशीच, कुंडाजवळ उभा होता. आम्हांला वाईट वाटले. पण आत येऊन बसा, असे सांगावयास आम्ही गेलो नाही.

त्या वर्षीच्या ६ जुलैलाही पाऊस होता. मिस्सेला नेहमीची चौदा-पंधरा माणसे. आम्ही प्रवचनासाठी उभे राहिलो आणि मागे पाहिले तर दाराशी कोणी नव्हते. छत्री भिंतीला टेकवलेली होती. तो शेवटच्या बाकावर, अगदी कडेला, अर्धा बाहेर, अर्धा आत, असा बसला होता. वहिनी पुढे चौथ्या बाकावर होत्या. दोघांच्या मध्ये अकरा बाक होते.